पहिल्या सभेला दीडशे, आता पाच : लोक थंडावतात तेव्हा नक्की काय होतं?

प्रश्न असा आहे : "जुळे सोलापुरात पाण्यासाठी आम्ही मार्चमध्ये कृती समिती काढली. पहिल्या सभेला दीडशे लोक आले. निवेदन दिलं, पेपरात फोटो आला. आता नोव्हेंबर उजाडला आणि आम्ही पाचजण उरलोय. ग्रुपवर दोनशेच्या वर सदस्य आहेत, पण बैठक म्हटलं की कुणी हलत नाही. लोकांना काही पडलेलंच नाही का? पुन्हा जोर कसा आणायचा? की सोडून द्यावं?"

एकेरीत लिहिते, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस. तीस वर्षं मी सोलापुरात हेच काम केलं. आधी पूर्व भागात विडी कामगार बायकांच्या वस्त्यांमध्ये, नंतर शहरात जिथे बोलावतील तिथे. वीसेक समित्या उभ्या राहताना पाहिल्या, त्यातल्या चार टिकल्या. त्या चारांमध्ये काय होतं आणि बाकीच्यांमध्ये काय नव्हतं, एवढंच मला सांगता येईल.

सोडून देऊ नकोस. आणि "लोकांना काही पडलेलं नाही" हे वाक्य आजपासून बोलू नकोस, विशेषतः त्या पाचजणांसमोर. ज्यांच्या घरात रात्री दोनला उठून हौद भरावा लागतो, त्यांना पडलेलं नसेल तर कुणाला असेल?

तुमच्या समितीचं काय झालं असेल ते मी न बघता सांगू शकते. मार्चमध्ये उजनी धरण मायनसकडे निघाल्याच्या बातम्या येत होत्या, पाण्याची पाळी एक दिवसाने पुढे गेली, लोक चिडले होते. त्या चिडीवर सभा भरली. दहा-बारा भाषणं झाली, निवेदनाखाली सह्या झाल्या, वीस-पंचवीस माणसं महापालिकेत गेली, फोटो निघाला. "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" असं उत्तर मिळालं. त्यानंतर त्या दीडशे माणसांना तुम्ही काय काम दिलं? विचार करून बघ. काहीच नाही. "उत्तर आलं की कळवू" म्हणालात. तीन आठवडे गेले, पाच गेले. जूनमध्ये पाऊस लागला, ऑगस्टमध्ये उजनी भरली, दरवाज्यांतून पाणी सोडल्याचा फोटो पहिल्या पानावर आला. मग गणपती, दसरा, दिवाळी. माणसं दमली नव्हती रे, त्यांना दमायला काही दिलंच नव्हतं. ती रिकामी बसली आणि रिकाम्या माणसाचा राग फार दिवस पुरत नाही.

सार्वजनिक कामाचा वेग मंदावतो तो याच जागी, मागणी आणि उत्तर यांच्या मधल्या काळात. सभा, मोर्चा, ठिय्या हे सगळं आपल्याला येतं, सोलापूरला तर फार चांगलं येतं. वाट बघण्याच्या दिवसांत काय करायचं ते येत नाही.

उजनीचं उदाहरण जरा नीट घेते, कारण आपल्या शहरातली प्रत्येक पाणी समिती याच दगडाला ठेचकाळते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला उपयुक्त साधारण ५४. टक्केवारी मोजतात ती या ५४ वर, म्हणून धरण "मायनसमध्ये" गेलं तरी पोटात पाणी असतं आणि भरलं की आकडा शंभराच्या वर जातो. आकडा शंभरावर गेला की लोकांना वाटतं प्रश्न मिटला. पण धरण भरलेलं असतानाही आपल्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी आलेलंच आहे, हे प्रत्येक सोलापूरकर जाणतो. कारण अडचण जेवढी धरणात आहे त्याहून जास्त पुढे आहे : उजनीहून पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंतची लांबलचक जलवाहिनी, टाकळीच्या उपशासाठी नदीत सोडलेलं पाणी वाटेत मुरणं आणि उपसलं जाणं, वीज गेली की बंद पडणारे पंप, टाक्यांची क्षमता आणि शेवटी गल्लीतली चावी, म्हणजे पाणी सोडायचा व्हॉल्व्ह. हे सगळं बाराही महिने तसंच असतं. म्हणजे राग उन्हाळी आणि प्रश्न बारमाही. समिती रागावर उभी केली की ती पावसाळ्यात बसणारच.

आणि वाईट हे, की काम करून घ्यायचे खरे महिने हेच, पावसाळ्यानंतरचे आहेत. एप्रिल-मेमध्ये पाणीपुरवठ्याच्या माणसाला तुमच्याशी बोलायला उसंत नसते, तो टँकर आणि फुटलेल्या पाइपात अडकलेला असतो. महापालिकेचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव दिवाळीनंतर सुरू होते. तुमच्या भागात व्हॉल्व्ह बदलायचा असेल, दोनशे मीटरची लाइन टाकायची असेल, तर ती मागणी कागदावर आत्ता गेली पाहिजे. मेमध्ये ओरडणारे दीडशे आणि नोव्हेंबरात कागद घेऊन जाणारे पाच, यांतले मी पाच घेईन. तेव्हा तुझे पाच ही काही पडझड समजू नकोस.

आता एक प्रसंग सांगते. साल मुद्दाम सांगत नाही, त्या गल्लीतली माणसं ओळखू येतील.

पूर्व भागातली एक चढाची गल्ली. खालच्या टोकाला पाणी बरं, वरच्या टोकाला करंगळीएवढी धार. आम्ही तीन निवेदनं दिली होती आणि तिन्हींना एकच उत्तर आलं होतं. समिती नावापुरती उरली होती. एका दुपारी वरच्या टोकाच्या एका अक्कांकडे बसले होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, हात चालूच. बोलता बोलता माझं लक्ष गॅसच्या वर खिळ्याला टांगलेल्या कॅलेंडरकडे गेलं. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक आकडे. "२.४० – ३.१५". चार चौकोन सोडून पुन्हा, "३.०५ – ३.३५". काही ठिकाणी नुसती फुली. विचारलं, तर म्हणाल्या, कुठल्या रात्री उठायचं त्याचा अंदाज यावा म्हणून लिहिते, फुली म्हणजे आलंच नाही. पानं मागे उलटली तर चौदा महिन्यांची नोंद. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दाखवायची नव्हती.

त्या आठवड्यात आम्ही गल्लीतल्या अकरा घरांत अशीच नोंद सुरू केली. वरून खालपर्यंत, एकाआड एक घर. अट एकच : पाणी आलं ती वेळ, गेलं ती वेळ, बस्स. मत लिहायचं नाही. दोन महिन्यांनी सगळी कॅलेंडरं एका सतरंजीवर मांडून चौकटीच्या वहीत उतरवली. खालच्या पहिल्या घराला सरासरी पावणेदोन तास पाणी, वरच्या शेवटच्या घराला अर्धा-पाऊण तास. तेच पाणी, तीच लाइन, तीच चावी.

तो कागद घेऊन आम्ही चौघीजणी कनिष्ठ अभियंत्यांकडे गेलो. आमची तीन निवेदनं ज्यांनी न वाचता पुढे सरकवली होती, तेच हे साहेब. कागद बघून पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "या वेळा कुणी लिहिल्या?" मग त्यांनी चावीवाल्याला बोलावून घेतलं. उलगडा झाला तो एवढाच, की पूर्वापार पद्धतीने खालची चावी आधी सुटत होती आणि वरची पाऊण तासाने, तीही अर्धी. खाली मोटारी लागल्या की वर दाब उरतच नव्हता. क्रम बदलला, आधी वर आणि मग खाली. खर्च एक रुपयाचा झाला नाही.

अक्कांचं पाणी सव्वा तासावर गेलं. नोंदीच्या त्या दोन महिन्यांत समितीतून एकही माणूस गळला नव्हता, उलट तीन घरं स्वतःहून आली, "आमच्याकडेपण लिहितो" म्हणत. पाणी तर तेव्हा सुधारलेलंच नव्हतं! फक्त प्रत्येकाच्या हाताला पाचव्या दिवशी करायचं दोन मिनिटांचं काम होतं आणि ते आपण केलं की नाही हे भिंतीवर दिसत होतं.

पण पुढचं ऐक, कारण तुम्हालाही हे येणार आहे. क्रम बदलल्यावर खालच्या टोकाचं पाणी वीस मिनिटांनी कमी झालं आणि तिथली चार घरं समिती सोडून गेली. वरच्या टोकाची काही घरं तर पाणी मिळालं म्हणून सोडून गेली. अर्धं यश मिळालं की समिती अर्धी होते. अपयशाने जेवढी माणसं जातात त्याहून जास्त अर्ध्या यशाने जातात, हा माझा अनुभव आहे. खालच्यांना आम्ही पुन्हा जोडलं ते त्याच वहीमुळे. त्यांना आकडे दाखवले, तुमचं वीस मिनिटांनी गेलं आणि वरच्यांचं अर्ध्या तासाच्या वर वाढलं, आता दोघांसाठी मिळून दाब वाढवून मागू. दोन घरं परत आली, दोन आली नाहीत. मोटारीचा विषय तर अजून सुटलेला नाही. शेजाऱ्याची मोटार बंद करा म्हणून सांगणं हे आयुक्तांशी भांडण्यापेक्षा अवघड काम आहे.

तर तुझ्यासाठी पहिली गोष्ट ही, की निवेदन आणि उत्तर यांच्या मधल्या दिवसांत प्रत्येक माणसाला एक छोटं, पुन्हा पुन्हा करायचं, मोजता येणारं काम दे. नोंदीचं दे, फोटो काढायचं दे, एका वयस्कर माणसाला अर्ज लिहून द्यायचं दे. व्हॉट्सॲप ग्रुपवर "सहमत" लिहिणं हे काम धरू नकोस. त्याने काम केल्याचं समाधान फुकटात मिळतं आणि बैठकीला यायची गरजच संपते. ग्रुप ठेव, पण त्यावर फक्त वेळ, ठिकाण आणि नोंदीचा फोटो टाका.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आपल्या रागाला वेळापत्रक नसतं, पण सरकारी कामाला असतं, ते उसनं घे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, जिल्हाधिकारी कार्यालयात असतो तसा महापालिकेतही. अर्ज ठरलेल्या नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. आणि तक्रार वैयक्तिक लागते, समितीच्या लेटरहेडवरचं सामूहिक निवेदन तिथे चालत नाही. पुष्कळजण या अटीवर चिडतात. मला ती अट देवासारखी वाटते. कारण मग अध्यक्ष आणि सचिव जाऊन चालत नाही, अकरा घरांनी अकरा अर्ज करावे लागतात, आपापल्या नावाने, आपापल्या नळाच्या वेळा लिहून. ज्याच्या नावाचा कागद आहे तो माणूस सोमवारी येतो.

माहितीच्या अधिकाराचंही तसंच. २००५ च्या कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत. "आमच्या भागात पाणी का येत नाही" असं विचारू नकोस, त्याला कुणी उत्तर देत नाही. तुमच्या टाकीवरचं गेल्या तीन महिन्यांचं लॉगबुक माग, पाण्याची पातळी आणि चावी सोडल्याची वेळ असलेलं. ते आलं की तुमच्या कॅलेंडरांशेजारी ठेवा. या सगळ्या तारखा एका पुठ्ठ्यावर लिहून कुणाच्या तरी दारामागे लावा. मग वाट बघणं राहत नाही, पुढची तारीख राहते.

तिसरी गोष्ट मी स्वतः चुकून शिकले. शहरातल्या एका तळ्यावर जलपर्णी काढायला आमचा गट दर रविवारी जमायचा. चाळीस माणसं, सात महिने, जोरात. हजेरीची वही माझ्याकडे, फावडी माझ्या जिन्याखाली, महापालिकेच्या गाडीसाठी फोन मी करायचा, पेपरात नाव माझं. लोक म्हणायचे, "ताई आहेत म्हणून चाललंय." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला, सात आठवडे अंथरुणावर. उठून तळ्यावर गेले तेव्हा पाणी दिसत नव्हतं, हिरवं रानच झालं होतं. पहिल्या दोन रविवारी माणसं जमली होती म्हणे, पण फावडी कुठे आहेत कुणालाच माहीत नव्हतं. चाळीस माणसांची चिकाटी एका जिन्याखाली कुलपात ठेवली होती मी. ती चूक आजही बोचते, कारण तो गट पुन्हा उभा राहिला नाही.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पाहिले असशीलच, पण आता या नजरेने बघ. सात नंदीध्वज, एवढी उंच काठी, आणि ती एका वेळी एकच माणूस पेलतो. मिरवणूक तासन् तास चालते. पेलणाऱ्याचे पाय डळमळायच्या आधीच दुसरा पुढे आलेला असतो. काठी खाली टेकत नाही, हात बदलतात. ही अदलाबदल संक्रांतीच्या दिवशी जमत नाही, सराव कितीतरी आठवडे आधी सुरू झालेला असतो, अंधारात, कुणी बघत नसताना. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणत सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्यात अक्षता टाकायला लाखो लोक येतात ते सगळ्यात शेवटी. आपल्या समित्या नेमक्या उलट्या चालतात, आधी अक्षता आणि सराव कधीच नाही. म्हणून निमंत्रक दर तीन महिन्यांनी बदला. पहिला दमल्यावर नव्हे, तो ताजा असतानाच. वही, चाव्या, फोन नंबर, सगळं त्या दिवशी दुसऱ्याच्या हातात गेलं पाहिजे.

१९३० चं सोलापूर आपण अभिमानाने सांगतो. मे महिन्यात गोळीबारानंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी शहरातून काढता पाय घेतला, ९ ते ११ मे लोकांनीच शहराची व्यवस्था पाहिली, मग मार्शल लॉ आला, १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. चार हुतात्मा पुतळ्यापाशी दरवर्षी हार पडतात. मला एवढंच म्हणायचंय, की त्या तीन दिवसांत रहदारी कुणी सांभाळायची हे कुणाला ठरवावं लागलं नसेल असं नाही, पण ठरवणारी माणसं आधीपासून एकमेकांना ओळखत होती. गिरण्यांमध्ये, पेठांमध्ये, तालमींमध्ये त्यांचं येणंजाणं होतं. आपण ते तीन दिवस लक्षात ठेवले आणि त्यामागची वर्षं विसरलो, म्हणून प्रत्येक नव्या समितीला वाटतं की पहिल्याच महिन्यात क्रांती व्हावी.

दीर्घ दमाचं काम बघायचं असेल तर कुंभारीला जा. विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ साली झाली. त्यानंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, ९ जानेवारी २०१९ ला पायाभरणी आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा. या घरांसाठी लढलेल्या माकपच्या नरसय्या आडम मास्तरांच्या राजकारणाबद्दल तुझं मत काहीही असो, त्या बायकांची चिकाटी बघ. दिवसाला विड्या वळून मिळणाऱ्या पैशांतून त्या आपला हिस्सा भरत होत्या. ज्या बाईच्या कपाटात पावती आहे ती बाई मोर्चाला उन्हात उभी राहते. पावती हे तिचं कॅलेंडर होतं म्हण.

एक गोष्ट मात्र लोकांच्या बाजूने बोलायलाच हवी. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. नगरसेवक चांगला असो-वाईट असो, त्याच्या दारात उभं राहून बोलता यायचं. ते दारच बंद झालं. कुठे जायचं, कुणाला विचारायचं ही सवय चार वर्षांत मोडली, आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलांना ती लागलीच नाही. तुझ्या दीडशे लोकांतल्या निम्म्यांनी आयुष्यात पहिल्यांदा महापालिकेची पायरी चढली असेल. पहिल्याच खेपेला त्यांना "कार्यवाही करण्यात येईल" मिळालं. ते परत आले नाहीत यात त्यांचा दोष मी धरत नाही.

आता या रविवारी काय करायचं ते सांगते. सभा बोलावू नकोस, दीडशेंची तर मुळीच नको. पाचजण एका घरी बसा, शक्यतो ज्या घरी पाणी सगळ्यात कमी येतं तिथे. प्रत्येकाने दोन घरांची नावं सांगायची, एक लाइनच्या सुरुवातीचं, एक शेवटचं. सोमवारपासून दहा घरांत नोंद सुरू. पेन्सिल कॅलेंडरला दोऱ्याने बांधा, नाहीतर रात्री अडीचला सापडत नाही. डिसेंबरचा लोकशाही दिन सोडून द्या, नोंद पुरेशी नसेल, जानेवारीचा धरा. म्हणजे अर्ज डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र याच आठवड्यात टाका आणि तो तुझ्या नावाने नको, पाचांतल्या ज्याने आजवर एकही भाषण केलं नाही त्याच्या नावाने टाका.

दहातल्या तीन घरांत नोंद बंद पडेल. पडू दे, तिथे दुसरी तीन घरं शोध, पहिल्यांना टोमणा मारू नकोस. आणि चावीवाल्याशी आधी जाऊन बोल, चहा पाज, त्याला वहीची भीती वाटू देऊ नकोस. तुमच्या लाइनचं जेवढं त्याला कळतं तेवढं कुठल्याच कागदावर नाही.

दोन महिन्यांची कॅलेंडरं जमली की मला कळव. सतरंजी आणि चौकटीची वही घेऊन मी येते, आकडे उतरवायला एक संध्याकाळ पुरते.